प्लॅटिनमवरचे परके अणू

मिथेनॉल जाळले तर उष्णता मिळते. इंधन घटात घातले तर थेट वीज. पाण्याच्या साहाय्याने त्याच्या एका रेणूतून कार्बन डायऑक्साइड, ६ प्रोटॉन आणि ६ इलेक्ट्रॉन निघतात. कागदावर सोपा वाटणारा हा हिशेब अडतो तो धातूच्या अगदी वरच्या, एका अणूएवढ्या जाडीच्या थरात.

प्लॅटिनम मिथेनॉलमधील हायड्रोजन सहज सोडवते. मात्र मागे उरलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला इतका घट्ट चिकटतो की पुढच्या रेणूला जागाच राहत नाही. हीच उत्प्रेरकाची विषबाधा. (येथे नुसते ‘शोषण’ म्हणू नये. रेणू धातूच्या आत मुरत नाही, वर बसतो. ‘अधिशोषण’ जड वाटले तरी नेमके आहे.) हा वायू हटवण्यासाठी लागणारा ऑक्सिजन पाण्यातून यावा लागतो, आणि प्लॅटिनम पाणी फोडते ते बऱ्याच उच्च विभवाला. तोवर घटाच्या व्होल्टेजचा मोठा भाग वाया गेलेला असतो.

१९७५ साली वातानाबे आणि मोटू या जपानी संशोधकांनी प्लॅटिनमवर रुथेनियमचे अणू बसवून मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण वाढते हे दाखवले. रुथेनियम कमी विभवालाच पाण्यातून हायड्रॉक्सिल मिळवते आणि शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला ते उपयोगी पडते. शेजार महत्त्वाचा, सगळे प्लॅटिनम झाकले तर मिथेनॉल फोडणार कोण?

फॉर्मिक आम्लाचे गणित वेगळे. ते सरळ कार्बन डायऑक्साइड होऊ शकते, किंवा पाणी गमावून कार्बन मोनॉक्साइड. या दुसऱ्या वाटेला प्लॅटिनमचे लगतचे अनेक अणू लागतात. मध्ये बिस्मथ पेरले की ती सलग जागा तुटते आणि सरळ वाट मोकळी राहते. म्हणजे बिस्मथचे मुख्य काम जागा अडवण्याचे. ‘धातूचा थर दिला, वेग वाढला’ एवढेच सांगितले तर विद्यार्थ्याला ही दोन कारणे एकच वाटतात.

आणखी एक अडचण आपल्या परिभाषेची. ऑक्सिडीकरण होते त्या विजाग्राला पुस्तके ‘धनाग्र’ म्हणतात. विद्युत अपघटनात ते जुळते. इंधन घटात मात्र तेच टोक ऋण असते. अशा ठिकाणी ‘ॲनोड’ लिहिणे मला प्रामाणिक वाटते.

रुथेनियमचा प्रश्नही सुटलेला नाही. वापरात ते हळूहळू विरघळते, पटलातून पलीकडच्या विजाग्रावर पोहोचते आणि तेथील ऑक्सिजनच्या क्षपणात अडथळा आणते.