पन्नास रुबल घेतले का?

अनाथालयांवरचा भाग पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. साताऱ्याच्या एका वाचक बाईंनी पत्रात एक प्रश्न विचारला आहे आणि तो ओलांडून मला पुढे जाता येईना. त्या लिहितात, "अटकेची रात्र तुम्ही सांगितलीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातल्या बाईने काय केलं? नवरा कुठे ठेवलाय हे तिला कोण सांगायचं?"

कोणीच नाही. झडती संपायची, माणसाला घेऊन जायचे, आणि कुठे नेतोय हे सांगायची पद्धत नव्हती. ते शोधायचं काम घरच्यांचं. बहुतेक वेळा बायकोचं, आईचं किंवा बहिणीचं, कारण सोव्हिएत संघात १९३७-३८ साली पकडल्या गेलेल्यांत पुरुषांचंच प्रमाण फार मोठं होतं.

मॉस्कोत सुरुवात व्हायची ती कुझ्नेत्स्की मोस्त या रस्त्यावरच्या २४ क्रमांकाच्या इमारतीत. तिथे एनकेव्हीडीचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, चौकशी कार्यालय होतं. तासन्‌तास उभं राहिल्यावर बहुधा एवढंच ऐकायला मिळे की चौकशी चालू आहे. मग बायका तुरुंग पालथे घालत. लुब्यांका, बुतिर्का, तागांका, लेफोर्तोवो. प्रत्येक ठिकाणी भिंतीत एक लहानशी खिडकी असे. तिच्यासमोर वाकायचं, आडनाव सांगायचं आणि पैसे पुढे सरकवायचे. कैद्यासाठी बाहेरून दिलेल्या पैशांना किंवा सामानाला पेरेदाचा म्हणत. पन्नास रुबल ही रक्कम त्या काळच्या आठवणींमधून वारंवार भेटते. खिडकीतल्या कारकुनाने पैसे घेतले, म्हणजे तुमचा माणूस याच भिंतीआड आहे आणि जिवंत आहे. "यादीत नाही" म्हणून ते परत आले, की पुढचा तुरुंग.

नवरा कुठे आहे, या प्रश्नाला सरकार उत्तर देत नव्हतं. पैसे घेतले किंवा परत केले, एवढ्यावरूनच उत्तर काढायचं होतं, आणि ते काढायला साध्यासुध्या बायका शिकल्या. टंकलेखिका, शिक्षिका, कारखान्यात काम करणाऱ्या. या विषयावर वर्षानुवर्षं जे जे हाती लागलं ते वाचत आलो, त्यात मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच आहे.

रांग हीच शाळा होती. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिवस ठरलेले असत, तो दिवस चुकला की पुढची पाळी येईपर्यंत थांबायचं. बायका पहाटेच्या अंधारात यायच्या, आपसांत क्रमांक लावायच्या, त्यांची यादी सांभाळायच्या. कोणता सरकारी वकील कधी भेटतो, अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे सगळं रांगेतच कळायचं. गरम कपडे आणायला सांगितले की जाणत्या बायका ओळखायच्या, याला आता दूर उत्तरेला किंवा पूर्वेला छावणीत पाठवणार. लेनिनग्राडला हेच श्पालेर्नाया रस्त्यावरच्या तुरुंगापुढे आणि नेवाकाठच्या क्रेस्ती तुरुंगापुढे चाले. कवयित्री आन्ना आख्मातोवा मुलाच्या अटकेनंतर अशा रांगांत सतरा महिने उभी राहिली. तिचं नाव जगाला ठाऊक आहे म्हणून ते महिने आपल्याला माहीत आहेत. तिच्या मागेपुढे उभ्या असणाऱ्यांचे महिने कोणी मोजले नाहीत.

या पैशांची दुसरी बाजू आतून दिसायची. कैद्याला त्या पैशांतून तुरुंगातल्या दुकानातून साखर, तंबाखू, कांदा घेता येई. पण तुरुंगातून परतलेल्यांनी लिहून ठेवलेलं वाचा, साखरेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. पैसे आले, म्हणजे ती अजून बाहेर आहे, घर अजून उभं आहे. भेट नाही, पत्र नाही, अशा नवराबायकोमध्ये पन्नास रुबलांची ही एवढीच देवाणघेवाण उरली होती. पैसे येणं थांबलं की आतला माणूस सुन्न व्हायचा, आणि त्याची भीती अनाठायी नसे. १५ ऑगस्ट १९३७ रोजी निघालेल्या ००४८६ क्रमांकाच्या हुकमाने 'देशद्रोह्यां'च्या बायकांना पाच ते आठ वर्षं छावणीत धाडायची सोय करून ठेवली होती. गुन्हा एकच, त्याची बायको असणं. नवरा पकडला जाताच मुलांना घेऊन गाव सोडणाऱ्या काही बायका वाचल्या, कारण यंत्रणा ठरलेल्या पत्त्यावर जाई आणि तिथे कोणी सापडलं नाही तर पुष्कळदा पाठलाग करत नसे. पण गाव सोडायचं म्हणजे ती खिडकीही सोडायची. नवऱ्याला पैसे पोचवत राहायचं की मुलांना घेऊन निघून जायचं, हा निर्णय तिशीतल्या बायकांनी एकट्यानेच घेतला, कोणाला न विचारता, कारण विचारणार कोणाला?

मग एके दिवशी खिडकीतून पैसे परत यायचे आणि सोबत "रवाना झाला" एवढंच यायचं. सरकारी वकिलाच्या कार्यालयात खेटे घातल्यावर पुढचं उत्तर मिळे: दूरच्या छावणीत दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.

अशी शिक्षा प्रत्यक्षात नव्हतीच. हे उत्तर गोळी घातलेल्यांच्या नातेवाइकांसाठी होतं. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत राजकीय खटल्यांत ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला, हा सोव्हिएत दप्तरातलाच आकडा आहे. देहदंडाची जागा आणि वेळ पूर्ण गुप्त ठेवायची असा लेखी आदेश होता. घरच्यांना धक्का बसू नये म्हणून असं सांगत, असं मी काही ठिकाणी वाचलं आहे. मला ते अजिबात पटत नाही. वाट पाहणारी बायको प्रेत मागत नाही, चारचौघांत रडत नाही, दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर जाते. सरकारला तेच हवं होतं.

या गोळी घातलेल्यांत एक आपल्याकडचेही होते. सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडला राहत. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घातली गेली. दोन महिनेही झाले नव्हते. मागे राहिली पत्नी लिदिया कारुनोव्स्काया, तिथल्या संग्रहालयातली मानववंशशास्त्रज्ञ. इकडे भारतात त्यांच्या मृत्यूच्या वेगवेगळ्या तारखा कित्येक वर्षं सांगितल्या जात होत्या.

लेखिका लिदिया चुकोव्स्कायाचा नवरा मात्वेई ब्रोन्श्टाइन भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याला फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घातली आणि तिला तेच दहा वर्षांचं उत्तर दिलं. १९३९-४० च्या हिवाळ्यात तिने 'सोफिया पेत्रोव्ना' ही छोटी कादंबरी लिहिली. तिची नायिका एका प्रकाशनसंस्थेतली टंकलेखिका, पक्षावर विश्वास असलेली सामान्य विधवा, आणि मुलासाठी रांगेत उभी राहणारी. घटना घडत असताना लिहिलेलं असं लेखन फार थोडं आहे. सोव्हिएत संघात ते छापून यायला १९८८ साल उजाडलं. या लेखमालेच्या वाचकांनी एकच पुस्तक वाचायचं ठरवलं, तर हे वाचावं.

आता वांगेनहाइम कुटुंब. त्यांच्याविषयी लिहायचं कधीपासून मनात होतं. अलेक्सेई वांगेनहाइम हवामानशास्त्रज्ञ, देशाच्या हवामान सेवेचा पहिला प्रमुख. जानेवारी १९३४ मध्ये अटक, दहा वर्षांची शिक्षा, आणि रवानगी उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रातल्या सोलोव्की बेटावर. घरी बायको वार्वारा, शाळेत भूगोल शिकवणारी, आणि चार वर्षंही पूर्ण न झालेली मुलगी एल्या. अजून पत्रं जाऊ देत होते. बापाने त्या पत्रांतून मुलीला शिकवायला घेतलं. बेटावरची पानं वाळवून तो चिकटवायचा आणि पानाच्या भागांवरून अंक शिकवायचा. कोल्हे, पक्षी, बोरं यांची चित्रं काढायचा, कोडी घालायचा. लेकीला जवळ बसवून शिकवता येणार नाही हे त्याने स्वीकारलं होतं, शिकवताच येणार नाही हे नाही.

१९३७ च्या शरद ऋतूत पत्रं थांबली. सोलोव्कीच्या कैद्यांचा एक मोठा जथा मुख्य भूमीवर नेला गेला आणि कारेलियातल्या सांदारमोख नावाच्या जंगलात त्यातल्या अकराशेहून अधिक जणांना काही दिवसांत मारण्यात आलं. वांगेनहाइमचा दिवस ३ नोव्हेंबर. वार्वाराला यातलं काहीही कळलं नाही. ती वाट पाहत राहिली, महायुद्ध आलं आणि संपलं, दहा वर्षांची मुदत उलटली. १९५६ मध्ये नवरा निर्दोष ठरला आणि मृत्यूचा दाखला आला. त्यावर साल होतं १९४२, कारण पोटातला दाह.

हा एखाद्या कारकुनाचा घोळ नव्हता. १९५५ मध्ये केजीबीने लेखी सूचनाच काढली होती: गोळी घातलेल्यांच्या नातेवाइकांना तोंडी सांगायचं की माणूस छावणीत शिक्षा भोगताना वारला, तारीख अटकेपासूनच्या दहा वर्षांतली निवडायची, आजार सुचेल तो लिहायचा आणि नोंदणी कार्यालयातही तशीच नोंद करायची. म्हणून कितीतरी घरांतली ३७ साली मारली गेलेली माणसं कागदोपत्री युद्धाच्या वर्षांत निमोनियाने, हृदयविकाराने वारली, आणि त्या खोट्या दिवशी घरच्यांनी वर्षानुवर्षं मेणबत्ती लावली. १९६३ नंतर नव्याने विचारणाऱ्यांना खरी तारीख मिळू लागली, पण मृत्यूच्या कारणापुढे रेघ. ज्यांना आधीच खोटा दाखला दिला होता, त्यांचा दुरुस्त करून द्यायचा नाही असंही ठरलं होतं. कारण लिहून मिळायला १९८९ यावं लागलं. तेव्हापासून कितीएक घरांच्या कपाटांत एकाच माणसाचे दोन मृत्यूचे दाखले आहेत.

सांदारमोखची जागा १९९७ मध्ये 'मेमोरियल' संस्थेच्या शोधकांनी हुडकून काढली. एल्या तोवर साठी ओलांडून गेली होती, पुराजीवशास्त्रज्ञ झाली होती आणि बापाची पत्रं तिने जपून ठेवली होती. पुढे मेमोरियलने ती पानं आणि चित्रं पुस्तकरूपात छापली.

एल्याजवळ निदान आई होती. जिच्या आईलाही उचलून नेलं, त्या मुलीचं काय झालं? आडनाव बदललेली, भावंडांपासून तोडलेली मुलं, आणि अटक झालेल्या काझानच्या येवगेनिया गिंझबुर्गचा मुलगा वास्या अनाथालयातून नातेवाइकांना कसा सापडला, हे पुढच्या आठवड्यात नक्की.