खुब्यातील आखडलेला स्नायू दाबाने मोकळा करणे

दिवसभर ट्रॅक्टर चालवून उतरताना किंवा खुरपणीवरून उठताना अनेक शेतकरी बंधू-भगिनींच्या एका कुल्ल्यात खोलवर ठणका लागतो. कधी मांडीमागून मुंग्या उतरतात. मग ‘कंबर गेली’ म्हणून कंबरेलाच मलम चोळले जाते. दुखण्याचे मूळ मात्र कधी कधी त्याच्या खाली असते.

माकडहाडाच्या वरील त्रिकोणी हाडापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत कुल्ल्यात एक स्नायू आडवा जातो. त्यास पिरिफॉर्मिस म्हणतात. पाय बाहेरच्या बाजूस वळविणे हे त्याचे काम. शरीरातील सर्वात जाड नस, सायटिक, बहुधा याच स्नायूखालून पायाकडे जाते. स्नायू आखडला की ती दाबली जाते. मागच्या खिशातील जाड पाकिटावर तासन्‌तास बसल्यानेही हा त्रास होतो; पाकीट आधी पुढच्या खिशात घ्यावे.

दाब देण्यास टेनिसचा चेंडू पुरतो. भिंतीला पाठ करून उभे राहावे. वर सांगितलेले त्रिकोणी हाड व खुब्याचे बाहेर आलेले हाड यांच्या मधोमध, मांसल भागावर चेंडू धरून हळूहळू अंगाचा भार टाकावा. दुखरी जागा सापडली की चेंडू न घासता तेथेच ३० ते ६० सेकंद थांबावे व श्वास सावकाश सोडावा. दाब सोसवेल इतकाच असावा. जोर केल्यास स्नायू उलट अधिक आखडतो. पायात चमक उतरली तर चेंडू नसेवर आला असे समजून तो सरकवावा. हाडावर दाब देऊ नये. पाठीवर माणूस उभा करून तुडवून घेण्याची रीत तर सोडूनच द्यावी.

नंतर उताणे झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा व त्या दुसऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी छातीकडे ओढून ३० सेकंद धरावी. याने आराम पडतो, पण बैठक न बदलल्यास दुखणे परत येते. तासाभराने ट्रॅक्टरवरून उतरून चार पावले चालावे.

आमच्या वडिलांचे दुखणे आम्ही असेच खुब्याचे समजून तीन आठवडे दाबत बसलो. पायातली चप्पल निसटू लागली तेव्हा डोळे उघडले. मणक्यातील चकती सरकली होती. पाऊल उचलेनासे झाले, पडल्यानंतर दुखू लागले किंवा सोबत ताप असला तर चेंडू बाजूस ठेवून डॉक्टरांना दाखवावे. जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे.