जमिनीखालच्या पाईपलाईनमधील लपलेली गळती कशी शोधावी?

विहिरीत पाणी आहे, पंप नेहमीसारखा चालतो, पण शेवटच्या दाऱ्यावर धार बारीक झाली आहे आणि जमिनीवर कोठेही पाणी दिसत नाही, असा अनुभव आपणांस आला असेल. अशा वेळी बरेच जण पंप खोलतात किंवा ओल दिसेल तेथे खणू लागतात. दोन्हींची घाई करू नये.

प्रथम गळती आहे की नाही ते ठरवावे. २०० लिटरचा पिंप विहिरीजवळच्या पहिल्या दाऱ्यावर आणि नंतर शेवटच्या दाऱ्यावर भरून घड्याळ लावावे. पहिल्या दाऱ्यावर ४० सेकंदांत भरला तर धार सेकंदाला ५ लिटर. शेवटी तोच पिंप ५० सेकंद घेत असेल तर सेकंदाला ४ लिटरच पोहोचतात. लांबी आणि चढ यांमुळे थोडा फरक पडतोच, म्हणून लाईन चांगली असताना केलेली नोंद हाताशी असावी. हा १ लिटर खरोखर गळत असेल तर ८ तासांत २८,८०० लिटर पाणी जाते. ५ सेंमी खोलीच्या पाळीने त्यात साडेपाच गुंठे भिजले असते. उन्हाळ्यात विहीर दोनच तास चालते तेव्हा या हिशोबावर बाग टिकते किंवा वाळते.

प्रेशर गेज बसविलेले असल्यास काम सोपे होते. सेंट्रिफ्युगल पंपावर काटा नेहमीपेक्षा चढला तर पुढे कोठेतरी तुंबले आहे. काटा उतरला तर लाईन फुटली आहे, किंवा पंप झिजला आहे, किंवा व्होल्टेज कमी आहे. पहिल्या दाऱ्यावरची धार पूर्वीइतकीच असेल तर पंपाला दोष देऊ नये.

आता गळती कोणत्या भागात आहे ते पाहू. लाईन पूर्ण भरून पंप बंद करावा, पंपाजवळचा व्हॉल्व्ह लगेच बंद करावा आणि सर्वांत उंचावरचे दारे सोडून बाकीची दारी बंद ठेवावीत. उंच दाऱ्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी कोठे आहे ते पाहून ठेवावे व अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. पातळी उतरली तर गळती आहे. मात्र पंपाजवळचा व्हॉल्व्ह आणि फूटव्हॉल्व्ह दोन्ही नीट बसत नसतील तर पाणी परत विहिरीत उतरते. म्हणून ते आधी तपासावेत. लाईनच्या मध्ये व्हॉल्व्ह असल्यास तो बंद करून हीच तपासणी करावी. पातळी टिकली तर वरचा अर्धा भाग निर्दोष समजावा. अशा रीतीने निम्मे निम्मे करीत गेल्यास खणण्याचे श्रम फार वाचतात.

यानंतर डोळे आणि कान. भर उन्हाळ्यात एकाच पट्ट्यात हिरवी राहिलेली हरळी, लव्हाळा, खचलेली माती, पाय रुतणारी जागा या खुणा लक्षात घ्याव्यात. पण ओल दिसते तेथेच गळती असते असे नाही. चर भरलेली माती भुसभुशीत असल्याने पाणी पाईपाच्या कडेने उताराकडे वाहत जाते. आमच्या घरच्या शेतात शेजाऱ्याच्या बांधाखाली ओल आली. त्यांचा समज असा की आम्हीच रात्री पाणी सोडतो. दोन दिवस तेथे खणले, पाईप कोरडा ठणठणीत. फाटलेला सॉकेट निघाला ४० फूट वर. तेव्हापासून मी ओलीच्या वरच्या अंगाने खणायला सांगतो. मुरमाड जमिनीत तर पाणी खाली मुरते, वर ओल येतच नाही. तेथे रात्रीच्या शांततेत पंप चालू ठेवून पाईपाच्या बाजूला पहार रोवावी व तिच्या टोकाला कान लावावा. गळतीजवळ सूं सूं आवाज वाढतो. पहार पाईपावर मारू नये, नाहीतर एकाची दोन होतात!

जागा सापडल्यावर फुटका भाग कापून कपलर टाकावा. टोके पूर्ण कोरडी व स्वच्छ करूनच सोल्युशन लावावे. ओल्या टोकाला लावलेले सोल्युशन काही दिवसांत सुटते. शक्यतो २४ तास दाब देऊ नये. काळी जमीन फुगते व आकसते, त्यामुळे सांधे ताणले जातात. तेथे पाईपाखाली व भोवती वाळू किंवा बारीक मऊ मुरूम भरावा, दगड मुळीच राहू देऊ नयेत. गाडीवाटेखाली पाईप ३ फूट खोल असावा.

सांधा उघडा ठेवूनच पंप तासभर चालवून पाहावा आणि मगच चर बुजवावा. त्याच दिवशी पिंप भरण्याचा वेळ आणि गेजचा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. खडूने लिहिलेले पहिल्या पावसात पुसून जाते.