अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेनंतरचे स्नान : एक विवेचन

प्रस्तावना :
अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी परतला की आंघोळ केव्हा करावयाची, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. काही घरांत धास्तीने महिनाभर आंघोळ टाळली जाते, तर काही ठिकाणी टाके निघण्यापूर्वीच जखम भिजविली जाते. या दोन्ही टोकांमधील शास्त्रीय मार्ग स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जखम व पाणी :
टाके घालून बंद केलेल्या जखमेच्या कडा साधारणतः ४८ तासांत त्वचापेशींच्या पातळ थराने सांधल्या जातात. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २००८ व २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांनी शॉवरखाली स्नान करणे सुरक्षित मानले आहे. मात्र वरून वाहून जाणारे पाणी आणि पाण्यात बुडून राहणे यांत मूलभूत फरक आहे. बुडून राहिल्याने त्वचा मऊ पडते व जंतूंना वाट मिळते. म्हणून टब, विहीर, नदी व तलाव जखम पूर्ण भरेपर्यंत वर्ज्य होत.

अस्थिभंगात ही दक्षता अधिक महत्त्वाची ठरते. हाडात बसविलेल्या पट्टीवर वा सळईवर जंतू चिकट थर तयार करतात. त्या थरात प्रतिजैविके पुरेशी प्रभावी ठरत नाहीत आणि प्रसंगी धातू काढावा लागतो.

प्रकारानुसार भेद :
प्लास्टर असल्यास ते पूर्णतः कोरडे ठेवावे. ओल्या कापडाने अंग पुसणे हा सुरक्षित पर्याय होय. त्वचेबाहेर तारा वा पिना असल्यास, जखम उघडी असल्यास किंवा रुग्णास मधुमेह असल्यास शस्त्रचिकित्सकाच्या अनुमतीशिवाय ती जागा भिजवू नये. टाके सामान्यतः १० ते १४ दिवसांनी काढतात. व्रणावर तेल वा उटणे तो पूर्ण भरेपर्यंत लावू नये.

न्हाणीघरातील दक्षता :
जखमेइतकाच धोका घसरण्याचा असतो. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर बुटक्या पाटाऐवजी उंच, स्थिर खुर्ची वापरावी. स्नानानंतर जखम न घासता स्वच्छ कापडाने टिपावी.

समारोप :
सारांश, स्नानाचा काळ केवळ दिवस मोजून नव्हे, तर जखमेची अवस्था पाहून ठरवावा. लाली, वाढती सूज, स्राव किंवा ताप आढळल्यास स्नान थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.