तिघांतील दोघे

लहान पक्षाला निवडून येणे कठीण असते, हे सर्वजण जाणतात. निवडून आल्यावर टिकणे त्याहून कठीण, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. 1963 च्या पहिल्या निवडणुकीनंतर गोव्यात सत्तेवर आलेल्या मगो पक्षाचे 2017 साली तीन आमदार निवडून आले. मार्च 2019 मध्ये त्यांतील दोघे मध्यरात्री भाजपमध्ये गेले. त्यांच्या अपात्रतेचा अर्ज सभापतींनी 2021 साली फेटाळला. दहाव्या परिशिष्टात दोन-तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला मुभा आहे ना! काँग्रेसच्या पंधरांतून दहा फोडावे लागले (जुलै 2019 मध्ये तेही फुटलेच). लहान पक्षाच्या बाबतीत दोघांशी बोलणी झाली की काम भागते. 2022 साली गोवा फॉरवर्ड व रिव्हॉल्युशनरी गोवन्स यांचा प्रत्येकी एकच आमदार निवडून आला. तेथे दोन-तृतीयांश म्हणजे तो एकटाच!

याची झळ लागते ती पुढच्या निवडणुकीत. प्रचाराला दारी आलेल्या कार्यकर्त्याला मतदार विचारतो, "तुमचा माणूस उद्या तिकडेच जायचा असेल, तर आम्ही आजच तिकडे मत का देऊ नये?" या प्रश्नाला त्या बिचाऱ्या कार्यकर्त्याजवळ उत्तर नसते आणि पैशाच्या टंचाईपेक्षा हेच त्या पक्षाला अधिक भोवते, असे आम्हांस वाटते. विलीनीकरणाची ही सवलत संसदेने काढून टाकावी. ज्याला पक्ष सोडावयाचा असेल, त्याने आमदारकीही सोडावी आणि पुन्हा मतदारांपुढे उभे राहावे.