मतदान केंद्राची पायरी



हिमाचल प्रदेशात किन्नौर नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथल्या कल्पा गावी श्याम सरन नेगी नावाचे एक शाळामास्तर राहत असत. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वी त्या भागातले मतदान उरकून घेण्यात आले. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी या मास्तरांनी मत दिले आणि देशाचे पहिले मतदार म्हणून ते ओळखले जाऊ लागले. पुढे सत्तर वर्षे त्यांचा हा नेम चालला. वयाची शंभरी उलटली, पाय थकले. शेवटी २ नोव्हेंबर २०२२ रोजी निवडणुकीचे अधिकारी त्यांच्या घरी गेले आणि अंगणातच मास्तरांनी टपाली मतपत्रिकेवर आपले मत नोंदवले. त्यानंतर तीनच दिवसांनी ते वारले.

ही हकीगत एवढ्यासाठी सांगितली, की आपल्या गावातही असे एखादे आजोबा, एखादी आजी असतेच. निवडणूक आली म्हणजे घरचे म्हणतात, "कशाला उन्हात नेताय म्हातारीला? तिच्या एका मतानं काय अडतंय?" आणि म्हातारीही म्हणते, "नको रे बाबा, तुम्हांला ताप." मंडळी, येथे आपण चुकतो. त्या माउलीचे मत म्हणजे घरच्यांनी सवडीने करावयाचा उपकार नव्हे. ते तिचे स्वतःचे आहे. गावच्या पाटलाचे जेवढे एक, तेवढेच तिचेही एक.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००४ साली लोकसभेची निवडणूक ऐन तोंडावर आली असताना अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी उतरणी बसवण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना जाता येतील अशी असावीत आणि निवडणुकीची माहिती त्यांना समजेल अशा रूपात मिळावी, ही जबाबदारी त्याच्या अकराव्या कलमाने निवडणूक आयोगावर टाकली. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, कायद्याची आज्ञा आहे.

पण आज्ञा दिल्लीत निघते आणि पायरी असते आपल्या शाळेला! बहुतेक मतदान केंद्रे शाळेच्या खोल्यांतच भरतात. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, हे दोन शब्द खास तुमच्यासाठी. पायऱ्यांवर आदल्या रात्री एखादी फळी टाकली म्हणजे उतरण झाली असे नव्हे. उतरणीचे साधे गणित असे, की जितकी उंची चढावयाची, त्याच्या बारापट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची दीड फूट झाली, म्हणजे उतरण अठरा फूट लांब पाहिजे. याहून तोकडी केली, तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागेल आणि खुर्चीत बसलेल्याचा जीव मुठीत येईल. बाजूला धरावयास कठडा असावा. मतदान एका दिवसाचे असते हे खरे; पण पक्की उतरण बांधलीत, तर कुबडी घेऊन येणारा तुमचा विद्यार्थी तिच्यावरून वर्षभर वर्गात जाईल.

केंद्रावर आल्यावर वृद्धांना आणि दिव्यांगांना रांगेत तिष्ठत उभे करावयाचे नाही. त्यांना आधी आत सोडावे, अशी आयोगाची सूचना आहे. बाहेर सावली, पाणी आणि टेकावयास एखादे बाक असावे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडून उपयोग नाही; त्याला हाताने खुणावून, लिहून दाखवून समजवावे. कोणाला डाव्या हाताची तर्जनी नसली, तर शाई कोठे लावायची असा घोळ होतो. नियमात त्याचेही उत्तर आहे. डाव्या हाताचे दुसरे बोट चालते. डाव्या हाताला बोटेच नसली, तर उजव्या हाताचे चालते. दोन्ही हातांना बोटे नसली, तर हाताचा जो भाग शिल्लक असेल त्याच्या टोकाला शाई लावतात. बोटे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही.

आता ज्यांना दिसत नाही त्यांचे कसे? मतदान यंत्रावर उमेदवाराच्या बटणाशेजारी ब्रेल लिपीत, म्हणजे उठावदार ठिपक्यांत, अनुक्रमांक असतो. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही मिळते. तिच्यावरून बोट फिरवून आपल्या उमेदवाराचा क्रमांक ध्यानात ठेवावयाचा आणि आत जाऊन यंत्रावर तोच क्रमांक चाचपून बटण दाबावयाचे. शिट्टीसारखा लांब आवाज झाला, की मत नोंदले गेले. पण वयोमानाने दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल कोठून येणार? शिवाय मत कोणाला गेले हे दाखवणारी चिठ्ठी शेजारच्या यंत्रात सात सेकंद दिसते, ती तरी त्यांना कशी वाचता येणार?

अशा मतदारासाठी सोबत्याची सोय आहे. ज्याला चिन्हे ओळखता येत नाहीत, किंवा शरीर साथ देत नसल्यामुळे बटण दाबता येत नाही, त्याला केंद्राध्यक्षांच्या परवानगीने आपला एक सोबती आत नेता येतो. सोबती अठरा वर्षांचा तरी हवा. एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते. आपण हे मत गुप्त राखू आणि आज दुसऱ्या कोणाचे सोबती झालेलो नाही, असे त्याला लिहून द्यावे लागते. म्हणजे गावातल्या कोणा कार्यकर्त्याने दहा म्हाताऱ्यांना एकामागून एक आत न्यावे, हे नियमात बसत नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. सोबती म्हणजे मतदाराचे बोट. मतदाराचे डोके नव्हे. आजी म्हणाली अमुक चिन्ह, तर तेच बटण दाबले पाहिजे. तुमच्या मनात दुसरे असले तरीही. "तिला काय कळतंय, मीच दाबलं माझ्या मनानं," असे सांगणारे भेटतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. पण दुसऱ्याच्या पेटीतले पैसे काढणे आणि दुसऱ्याचे मत आपल्या मनाने देणे, यांत फरक काय? आणि बाहेर आल्यावर पारावर बसून तिने कोणाला मत दिले याची चर्चा करावयाची नाही. सोबती कोण हे मतदारानेच ठरवावे. मुलगा असो, नात असो, शेजारीण असो.

ज्यांना केंद्रापर्यंत नेणेच शक्य नाही त्यांच्यासाठी घरून मतदानाची सोय झाली आहे. प्रथम ती ऐंशीच्या वरच्यांना होती. २०२४ पासून वय पंच्याऐंशी केले आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असणाऱ्यांनाही ती मिळते. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत ही सोय प्रथमच साऱ्या देशात लागू झाली. त्यासाठी 'नमुना १२-ड' हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. मतदार यादीचे काम पाहणारा तुमच्या गावचा केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन तो देतो आणि भरलेला नेतो. मग आधी कळवून अधिकाऱ्यांचे पथक घरी येते. संगे पोलीस असतो, चित्रण करणारा असतो, उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. पण शिक्का किंवा खूण करताना आड असते. ती वेळ मतदाराची एकट्याची. तुम्ही घरी सापडला नाहीत, तर पथक आणखी एकदा येते. तिसरी खेप नसते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. एकदा हा अर्ज मंजूर झाला, की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. म्हणून जिला गाडीत बसवून नेता येते आणि जिला चार माणसांत जाऊन मत देण्याची हौस आहे, तिच्यासाठी आपल्या सोयीखातर हा अर्ज भरू नका. तिला विचारा. काही म्हाताऱ्यांना तो दिवस सणासारखा वाटतो. नवे लुगडे नेसून त्या निघतात. तो आनंद त्यांच्यापासून काढून घेऊ नये.

ही घरून मतदानाची सोय लोकसभा आणि विधानसभा यांच्यासाठी सांगितली. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेव्हाची व्यवस्था तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावी. आणि बुद्धीने मंद असलेल्या मुलामुलींविषयीही एक गैरसमज दूर करतो. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेले नसेल, तर केवळ तेवढ्या कारणाने यादीतून कोणाचे नाव वगळता येत नाही.

तर निवडणूक लागण्याची वाट न पाहता आताच तीन कामे करावीत. पहिले, यादीत नाव आहे का ते पाहावे. दुसरे, दिव्यांग मतदाराची तशी नोंद 'नमुना ८' भरून करून घ्यावी, म्हणजे कोणत्या केंद्रावर चाकाची खुर्ची लागेल हे आधी कळते. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तिसरे काम गुरुजींचे. वरच्या वर्गातल्या मुलांना हातात टेप देऊन शाळेची पायरी मोजावयास लावावी आणि किती लांब उतरण हवी याचे गणित फळ्यावर करून घ्यावे. मग तो कागद ग्रामसभेपुढे ठेवावा.

पायरी दीड फुटाची असते. पण ती चढता आली नाही, म्हणून पाच वर्षे कोणी तरी मुके राहते. ती पायरी आपल्याच गावची आहे आणि आपल्याच हातांनी सखल करावयाची आहे.