मोगली एरंडाचे तेल

सावरगावला आमच्या बांधावर मोगली एरंडाचे कुंपण आहे. हिंदी बोलताना आम्ही त्यालाच रतनजोत म्हणतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. बी विषारी. लहानपणी शेंगदाण्यासारखे समजून मी दोन बिया खाल्ल्या नि दिवसभर ओकत होतो!

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने याच झुडपावर भिस्त ठेवून २०११-१२ पर्यंत डिझेलात २० टक्के जैव डिझेल मिसळण्याचा बेत मांडला. त्याला १ कोटी १२ लाख हेक्टर जमीन लागणार होती. बेत तडीस गेला नाही. २०१८ च्या धोरणात २०३० साठी ५ टक्केच उद्दिष्ट ठेवले गेले.

कृती अवघड नाही. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून ऊन केले की ग्लिसरीन तळाशी बसते, वर राहते ते जैव डिझेल. त्यात गंधक जवळजवळ नसते, काजळी कमी होते; नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित वाढतात. झाडाने हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो हे खरे, परंतु मिथेनॉल बहुधा नैसर्गिक वायूपासून बनते, आणि खताला, पंपालाही ऊर्जा लागतेच.

खरी अडचण पाण्याची. कोरड्या बांधावर झुडूप जगते, पण बी मूठभर येते. पाणी द्यावे तर ते संत्र्याच्या वाट्याचे. वडिलांनी ते दिले नाही, आणि मला ते योग्यच वाटते. त्यापेक्षा पांढुर्ण्याच्या भजी-समोशाच्या कढईतले जळके तेल या कामी लावावे. त्याला नवी जमीन लागत नाही, आणि तेच तेल पुन्हा आपल्या पोटातही जात नाही.